माणसे कमी झाली म्हणून चीन श्रीमंत झाला काय?

बाजारात एक वाक्य वारंवार ऐकू येते. मंदी आली, माग बंद पडले, उधारी अडकली, की कोणीतरी म्हणतो, ‘चीनने लोकसंख्येला लगाम घातला म्हणून तो पुढे गेला, आपण मात्र खाणारी तोंडे वाढवत बसलो.’ वृत्तपत्रांत हेच छापून येते, सभांतून हेच सांगितले जाते. असे बोलणाऱ्याचे बोट बहुतेक वेळा कोणत्या वस्त्यांकडे असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. माल घेण्यापूर्वी तागा उलगडून पाहण्याची आमची रीत. वरची घडी पाहून भाव ठरवणारा व्यापारी हमखास फसतो. तेव्हा या वाक्याचाही तागा एकदा उलगडून पाहिला पाहिजे.

आधी जन्मदर घटला, कायदा नंतर आला

१९५३ साली चीनमध्ये साम्यवादी राजवटीतली पहिली जनगणना झाली, तेव्हा लोकसंख्या सुमारे ५८ कोटी निघाली. पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू आणि अर्थशास्त्रज्ञ मा यिनचू यांनी १९५७ साली सांगितले की वाढ याच वेगाने होत राहिली तर भांडवल उभे राहणार नाही. त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि १९६० साली त्यांना पद सोडावे लागले. त्याच सुमारास, १९५९ ते १९६१ या वर्षांत, ‘मोठी झेप’ या मोहिमेच्या अट्टाहासातून भीषण दुष्काळ पडला व कोट्यवधी माणसे मेली. पुढे मा यिनचू यांचे नाव १९७९ साली पुन्हा सन्मानाने घेतले गेले. पण तोवर गाडी दुसऱ्या टोकाला चालली होती.

मधल्या काळात काय घडले ते नीट लक्षात घेतले पाहिजे. १९७० च्या सुमारास चिनी स्त्रीला सरासरी सहाच्या जवळपास मुले होत. सत्तरच्या दशकात सरकारने ‘उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर आणि कमी मुले’ अशी मोहीम चालवली. तीतही दडपण होतेच, पण एकाच मुलाची सक्ती नव्हती. सोबत गावोगावी प्राथमिक उपचार करणारे ‘अनवाणी डॉक्टर’ होते, शाळा होत्या, स्त्रिया शेतावर व कारखान्यात काम करीत होत्या. १९७९ पर्यंत हे प्रमाण तिनाच्या खाली आले. म्हणजे नऊ-दहा वर्षांत निम्म्याहून अधिक घट झाली. एका मुलाचे धोरण देशभर लागू करणारे पक्षाचे जाहीर पत्र निघाले ते २५ सप्टेंबर १९८० रोजी. घट आधी झाली, सक्ती नंतर आली. बाजारातले वाक्य हा क्रमच उलटा लावते.

या धोरणामागचे हिशेब करणाऱ्यांत सोंग ज्येन हे क्षेपणास्त्र-शास्त्रज्ञ होते. यंत्राला दिशा देण्याचे गणित त्यांनी माणसांना लावले. कागदावर आकडे जुळले. घरोघरी मात्र दंड, नोकरीवर गदा, सक्तीचे गर्भपात व शस्त्रक्रिया असा त्याचा अर्थ झाला. एकट्या १९८३ साली दोन कोटींहून अधिक स्त्री-पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. खेड्यांतून एवढा असंतोष पसरला की १९८४ पासून, पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या अपत्याची मुभा अनेक प्रांतांत द्यावी लागली. मुलगाच हवा या हट्टातून मुलींचे गर्भ पाडले गेले. २००४ साली दर १०० मुलींमागे सुमारे १२१ मुलगे जन्मत होते. आज गावोगावी लग्नावाचून राहिलेले प्रौढ पुरुष हे त्या हिशेबाचेच व्याज आहे.

आणि शेजारी पाहा. दक्षिण कोरियात, तैवानात, थायलंडमध्ये असा कायदा कधीच नव्हता. तेथेही जन्मदर तितकाच खाली आला. मुली शिकल्या, तान्ही मुले जगू लागली, शहरात काम मिळाले, की कुटुंब आपोआप लहान होते. पोलिस पाठवावा लागत नाही.

मग भरभराट आली कोठून?

डिसेंबर १९७८ मध्ये पक्षाच्या बैठकीत डेंग झिआओपिंग यांच्या गटाचे वजन वाढले आणि सुधारणांचे दार उघडले. त्याच हिवाळ्यात आन्ह्वेइ प्रांतातल्या शिआओगांग या दरिद्री गावात १८ शेतकऱ्यांनी चोरून एक करार केला. सामुदायिक शेती आपापसांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा द्यायचा आणि उरलेले पीक घरी न्यायचे. त्यावर अंगठे उमटवले. यातून कोणी तुरुंगात गेलाच तर त्याची मुले बाकीच्यांनी १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळायची, असेही ठरले. पुढच्याच हंगामात धान्य अनेक पटींनी वाढले. सरकारने शिक्षा देण्याऐवजी हीच पद्धत देशभर स्वीकारली. माणसे तीच, जमीन तीच. मेहनतीचे फळ घरी येऊ लागले, एवढाच फरक.

शेतीवर हात रिकामे झाले, ते गावातल्याच छोट्या कारखान्यांत गेले. गाव-कसब्यांच्या या उद्योगांत १९७८ साली २ कोटी ८० लाख माणसे होती, १९९६ साली १३ कोटी ५० लाख झाली. विणाई, मोजे, बटणे, छत्र्या, जे जमेल ते. १९८० साली शेन्झेन, झुहाई, शान्तोउ आणि शामेन या चार ठिकाणी विशेष आर्थिक क्षेत्रे उघडली. हाँगकाँगचे भांडवल व ऑर्डरी तेथे आल्या. सिचुआन, हुनानसारख्या प्रांतांतून तरुण मुली आगगाडीने दोन-दोन दिवस प्रवास करून ग्वांगडाँगच्या शिलाई कारखान्यांत आल्या, आठ-दहा जणी एका खोलीत राहिल्या, पगार गावी पाठवत राहिल्या. १९५८ पासूनच्या ‘हुकोउ’ म्हणजे वास्तव्य-नोंदणीच्या नियमामुळे त्यांना शहरात घर, शाळा, दवाखान्याचा पूर्ण हक्क नव्हता. स्वस्त माल स्वस्त का होता, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

ही सारी माणसे कोण होती? पन्नास, साठ आणि सत्तरच्या दशकात जन्मलेली. म्हणजे ज्यांना ‘ओझे’ म्हटले गेले तीच मुले. ती मोठी झाली आणि त्यांनीच चीनची गाडी ओढली. शिवाय ती अगदीच निरक्षर नव्हती. १९८२ च्या चिनी जनगणनेत प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश साक्षर होते. आपल्याकडे १९८१ साली हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते, तेही सात वर्षांवरील सर्वांत मिळून. कारखान्याची सूचना वाचू शकणारा मजूर आणि न वाचू शकणारा मजूर यांत काय अंतर असते, हे कारखानदाराला विचारावे.

हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुले कमी झाल्याने काही काळ चीनला फायदा जरूर झाला. १५ ते ६४ या वयाच्या माणसांचा वाटा १९८२ साली सुमारे ६१ टक्के होता, तो २०१० साली ७४ टक्क्यांच्या वर गेला. घरात कमावणारे जास्त, खाणारे कमी, म्हणून बचत वाढली आणि त्या बचतीतून रस्ते, बंदरे, वीज उभी राहिली. १९७८ पासून तीसेक वर्षे चीन सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढला. २०१० साली जपानला मागे टाकून तो जगातला दुसरा मोठा अर्थव्यवहार ठरला. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसे अति-दारिद्र्यातून बाहेर आली. पण हा फायदा एकदाच मिळणारा असतो. आज जी मुले जन्मली नाहीत, ती वीस वर्षांनी कामावरही येत नाहीत. उचल घेतलेला पैसा खर्चताना बरा वाटतो, फेडण्याची तारीख मात्र चुकत नाही.

कापडाच्या धंद्यात काय घडले

आता आपल्या धंद्याकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. चीनच्या सरकारी सूतगिरण्याही तोट्यात होत्या. जानेवारी १९९८ मध्ये शांघायला जुन्या चात्या हातोड्याने फोडून भंगारात काढण्यास सुरुवात झाली. तीन वर्षांत एक कोटी चात्या मोडायच्या आणि १२ लाख कामगार कमी करायचे, असे ठरले होते. लाखो घरांवर कुऱ्हाड कोसळली, हे विसरता येत नाही. पण जुने मोडत असताना नवी यंत्रे दुसरीकडे बसत होती. आपल्याकडे गिरण्यांचे माग भिवंडी-मालेगावच्या गाळ्यांत आले. साधा धोट्याचा माग राहिला, फक्त पत्ता बदलला.

११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. १ जानेवारी २००५ रोजी कापड-कपड्यांवरचा जुना कोटा संपला. त्याच वर्षी युरोपच्या बंदरांत चिनी कपड्यांचे कोट्यवधी नग अडकून पडले, कारण युरोपने घाईघाईने नवी मर्यादा घातली होती. जगाच्या तयार कपड्यांच्या निर्यातीत चीनचा वाटा २००० साली सुमारे १८ टक्के होता. पुढे तो ३८ टक्क्यांच्या घरात गेला आणि २०२२ साली पुन्हा ३२ टक्क्यांजवळ उतरला. कपडे शिवण्याचे काम बांगलादेश, व्हिएतनाम व कंबोडियाकडे सरकले.

परंतु दुसरा आकडा याहून महत्त्वाचा आहे. सूत आणि कापड यांच्या जागतिक निर्यातीत चीनचा वाटा २००० साली दहा टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२२ साली ४० टक्क्यांच्या वर होता. म्हणजे शिलाई बाहेर गेली, कापड घरातच राहिले. ढाक्याचा कारखाना सदरा शिवतो, पण त्याचे बरेचसे कापड चीनहून येते. असे का झाले? शिलाईला बोटे लागतात, बोटे तरुण व स्वस्त असावी लागतात. विणाई, रंगाई व छपाई यंत्रावर चालते. माणसे महाग झाली तेव्हा चीनने बोटांचे काम सोडले आणि यंत्राचे काम घट्ट धरले. झेजियांग प्रांतात शाओशिंगजवळ केचियाओ येथे कापडाची अफाट बाजारपेठ आहे. आपले हिंदुस्थानी व्यापारी तेथे पेढ्या मांडून बसले आहेत. सूत, विणाई, रंग, छपाई व वाहतूक सारे हाकेच्या अंतरावर. नमुना दाखवला की माल किती दिवसांत मिळेल याची तारीख मिळते. भाव तर मोडतोच, पण आपला माणूस त्याहून अधिक या तारखेपुढे हरतो.

याच प्रांतातले यीवू हे आपल्या वाचकांना नावाने परिचित असेल. एके काळी तेथील फेरीवाले गावोगावी साखर देऊन कोंबडीची पिसे घेत. १९८२ साली तेथे छोट्या वस्तूंचा बाजार अधिकृतपणे उघडला. आज तेथे सुमारे ७५ हजार गाळे आहेत. अरब, आफ्रिकी आणि आपल्या उपखंडातले मुस्लिम व्यापारी तेथे मोठ्या संख्येने येतात आणि शहरात मोठी मशीदही आहे. निंगशियासारख्या गरीब भागातली हुई मुस्लिम मुले मदरशात शिकलेल्या अरबीच्या बळावर तेथे दुभाषे झाली, काहींनी पुढे स्वतःच्या पेढ्या काढल्या. ज्या शिक्षणाला बाजारात मोल नाही असे म्हटले जाई, त्याला बाजारानेच मोल दिले.

याच देशाचे दुसरे चित्रही नजरेआड करता येत नाही. चीनचा बहुतांश कापूस शिनजियांगमध्ये पिकतो. अल्पसंख्य जमातींना पूर्वी एकाहून अधिक मुलांची मुभा होती. २०१७ नंतर उइघुरबहुल जिल्ह्यांत नियम कडक झाले आणि जन्मदर झपाट्याने कोसळला. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने तेथील स्थानबद्धता व सक्तीच्या कुटुंबनियोजनाबद्दल गंभीर अहवाल दिला. चीन सरकारने तो फेटाळला. अमेरिकेने जानेवारी २०२१ पासून तेथील कापसाच्या मालाला दार बंद केले. एकीकडे देशभर ‘मुले जन्माला घाला’ अशी विनवणी आणि दुसरीकडे एका समाजावर कडक पहारा. लोकसंख्येचा प्रश्न कोणाच्या हाती काठी आहे यावर कसा ठरतो, ते येथे उघड दिसते.

आता पाळणे रिकामे

२०१२ साली चीनच्या सांख्यिकी कार्यालयाने सांगितले की १५ ते ५९ वयाची माणसे एका वर्षात ३४ लाखांहून अधिक कमी झाली. तेथून घंटा वाजली. १ जानेवारी २०१६ पासून दोन मुलांची परवानगी आली, मे २०२१ मध्ये तीन मुलांची. २०१६ साली सुमारे १ कोटी ७८ लाख बालके जन्मली, २०२३ साली अवघी ९० लाख. २०२४ साल ड्रॅगनचे, शुभ मानलेले, म्हणून आकडा ९५ लाखांवर गेला. २०२२ साली साठेक वर्षांत प्रथमच मृत्यू जन्मांपेक्षा अधिक झाले आणि लोकसंख्या घटली. एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने चीनला मागे टाकले.

परवानगी असून मुले का होत नाहीत? घराची किंमत, शिकवणीचा खर्च, कामाचे लांब तास, आणि दोन्हीकडचे चार म्हातारे सांभाळणारे एकुलते एक नवरा-बायको. २०२४ अखेर साठीच्या पुढची माणसे ३१ कोटी, म्हणजे दर शंभरांत २२. गावाकडून आलेल्या मजुराचे सरासरी वय २००८ साली ३४ वर्षे होते, २०२४ साली ते ४३ झाले. शेन्झेनचे किमान मासिक वेतन २०१० साली ११०० युआन होते, २०२२ साली २३६० झाले. १ जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचे वय हळूहळू वाढवणे भाग पडले. पुरुषांचे ६० वरून ६३, स्त्रियांचे कामाप्रमाणे ५० व ५५ वरून ५५ व ५८. २०२५ साली तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ३६०० युआन देण्याचे सरकारने जाहीर केले. दंड घेणारे सरकार आता पैसे देते आहे. तरीही उमेद परत येत नाही, कारण माणूस नळ नाही, की चावी फिरवली की पाणी बंद आणि उलटी फिरवली की पाणी सुरू.

मात्र चीन संपला असे समजून कोणी खूश होऊ नये. जगात २०२३ साली बसवलेल्या नव्या औद्योगिक यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये बसले. माणसे कमी पडणार हे ओळखून तो यंत्रांची पेरणी करतो आहे.

आपण काय घ्यावे

आपल्याकडेही तागा संपत आला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात एका स्त्रीला सरासरी दोन मुले होतात, महाराष्ट्रात १.७. मुस्लिम स्त्रियांमध्ये हे प्रमाण १९९२-९३ साली ४.४ होते, ते २.४ वर आले. एवढी मोठी घट कोणत्याही सक्तीच्या कायद्यावाचून झाली. बोट दाखवणाऱ्यांना हा आकडा शांतपणे ऐकवावा, वाद घालू नये.

पण आपल्या स्वतःसाठी त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. आज गाळ्याबाहेर कामासाठी उभी असणारी तरुण मुले कायम मिळणार नाहीत. चीनला कमावत्या हातांची तीस-पस्तीस वर्षे मिळाली आणि त्याने ती कामाला लावली. आपली वर्षे चालू आहेत. त्यांत आपण काय करतो आहोत? बारा-बारा तास धोट्याच्या मागावर मुलगा उभा करून मीटरमागे काही पैशांसाठी एकमेकांचा भाव पाडतो आहोत. स्वस्त मजुरीवरचा नफा हा नफा नसतो. तो त्या मुलाच्या पुढच्या आयुष्यातून काढलेला पैसा असतो.

कारखानदार बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात असे आम्हांला वाटते. चार-सहा जणांनी मिळून का होईना, आधुनिक माग, सायझिंग आणि रंगाईची सोय एकत्र उभारावी. एकट्याच्या ऐपतीत जे बसत नाही ते भागीदारीत बसते. दुसरे, कारागिराला नोंदीवर घ्यावे, भविष्यनिर्वाह निधी व विमा द्यावा. हुन्नर टिकवायचा तर हुन्नरी माणूस टिकला पाहिजे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलींचे शिक्षण दहावीवर थांबवू नये. चीनची निर्यात शिवली ती मुलींनी. आपल्या वस्त्यांत हिशेब, संगणक, डिझाइन आणि माल तपासणी शिकलेल्या मुली हजारोंनी आहेत. त्यांना सन्मानाची, सुरक्षित आणि घराजवळची जागा हवी आहे. ती जागा आपल्या पेढीत आणि कारखान्यात आपणच काढली पाहिजे.

चीन माणसे कमी झाल्यामुळे श्रीमंत झाला नाही. जी माणसे होती त्यांना जमीन, शाळा, यंत्र आणि बाजार मिळाला म्हणून झाला. माणसे कमी करण्याची किंमत तो आता मोजतो आहे. पुढच्या वेळी बाजारात ते वाक्य कानावर आले तर एवढे सांगावे आणि आपल्या कारखान्यात परत जाऊन मागावरच्या मुलाचे वय, त्याचे शिक्षण आणि त्याचा पगार पाहावा. खरी जनगणना तेथूनच सुरू होते.